सतरा वर्षांचा रंग

जाणूनबुजून केलेल्या अपराधाला प्रायश्चित्त असते. ते कठीण असले तरी त्याची वाट आखून दिलेली असते. परंतु आदराने, निर्मळ मनाने आणि आपण योग्यच करीत आहोत अशा खात्रीने मनुष्य दुसऱ्याचे काही कायमचे पुसून टाकतो, तेव्हा त्याने कशासाठी हात जोडावेत? क्षमा मागावी तर हेतू शुद्ध होता. न मागावी तर झालेली हानी डोळ्यांपुढे असते. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, परक्या देशात, एका कुंभाराच्या ओसरीवर मी या प्रश्नापुढे उभा राहिलो. त्याला आता पन्नास वर्षे होत आली.

"गादोरे-सेन्सेई, आज तुमचा स्टीलचा पेला राहू द्या," ओकुमुरा-सान म्हणाले. "आज यातून घ्या."

जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम टोकाला समुद्रकाठी हागी नावाचे गाव आहे. तेथील एका मंदिरात जुन्या संस्कृत हस्तलिखितांची काही बाडे होती. ती वाचून त्यांची सूची करण्यासाठी मिरजेच्या पाठशाळेतून मला दोन वर्षांकरिता बोलावले होते. मंदिराने माझी आणि पत्नी वेणूची राहण्याची सोय ओकुमुरा यांच्या घरामागील दोन खोल्यांत केली होती. ते पासष्टीचे, विधुर, चहाचे वाडगे घडविणारे कुंभार होते. आमचे 'गद्रे' हे आडनाव त्यांच्या जिभेवर 'गादोरे' होई, आणि शिक्षकाला तिकडे 'सेन्सेई' म्हणतात; इतरांच्या नावाला आदराने 'सान' जोडतात. आमचे संभाषण अर्थातच जपानीत चाले. येथे ते मी मराठीत सांगत आहे.

त्यांनी एका लाकडी पेटीची फीत सोडली, पिवळ्या कापडातून एक वाडगा काढला आणि त्यात हिरव्या चहाची पूड घालून बांबूच्या रवीने घुसळू लागले. मी मनातून संकोचलो. आमच्या घरी काशापितळेची भांडी. मातीचे पात्र एकदा कोणाच्या ओठांना लागले की ते टाकायचे, ही शिकवण मला मुंजीपासूनची. म्हणूनच आठ महिने मी माझा पेला सोबत बाळगत होतो, आणि ओकुमुरा-सान त्यावरून मला चिडवीत असत.

"दोन वर्षं यात कुणी प्यायलेलं नाही," ते म्हणाले. "वाडगा फार दिवस कोरडा राहिला की घुमा होतो. रविवारी माझी मुलगी येणार आहे, नात्सुको. तिच्या आईचं दुसऱ्या वर्षाचं श्राद्ध आहे. तिला यातच चहा द्यायचा आहे. त्याआधी तुम्ही त्याला जागा करा."

त्यांच्या आवाजात असे काही होते की मला नाही म्हणवेना. मी दोन्ही हातांनी वाडगा उचलला. तो आकाराने किंचित वाकडा होता आणि तळाशी पायाला एक खाच होती. बाहेरून ओल्या वाळूसारखा, मध्येच तपकिरी, कोठे जांभळट. आतून तर काळसर डागांनी भरलेला. झिलईवर केसाहून बारीक रेषांचे जाळे होते आणि प्रत्येक रेषेत काळे काही साचलेले. मला वाटले, बिचाऱ्या विधुराच्या घरी भांडी नीट घासणारे कोणी उरले नाही.

मी चहा संपविला, तोच बाहेर लाकडाचा ट्रक थांबल्याचा आवाज आला. भट्टीसाठी देवदाराची लाकडे आली होती. ओकुमुरा-सान उठले.

"वाडग्याचं मी पाहतो," मी म्हणालो.

"असू दे तिथेच. मी आल्यावर पाहीन."

आता हे वाक्य मी कसे ऐकले ते सांगितले पाहिजे. आमच्याकडे यजमान नेहमीच म्हणतो, "राहू द्या हो, उचलू नका." आणि सुसंस्कृत पाहुणा तरीही आपले उष्टे ताट उचलतो. वयाने वडील असलेल्या माणसाला आपले उष्टे काढायला लावणे हा मोठाच उर्मटपणा. शिवाय रविवारी त्यांची लेक या वाडग्यातून पिणार होती, आणि आज मी तो उष्टा केला होता. मी तो उचलला आणि मागच्या अंगणात गेलो.

तेथे भिंतीलगत पाच लाकडी पिंपे होती. भट्टीतली राख चाळून त्यांत भिजत घातलेली असे. झिलईसाठी तीच राख लागते, परंतु आधी तिचा खार काढावा लागतो. म्हणून रोज वरचे पाणी ओतून नवे घालायचे. ते वरचे पाणी हाताला बुळबुळीत लागते. मला ते पाहताच आईचे मोरीवर बसलेले रूप आठवले. राख आणि काथ्या, आणि उन्हात पालथी घातलेली झळझळीत भांडी! मी एका घमेल्यात राखेचे पाणी घेतले, त्यात किटलीतले कढत पाणी ओतले, वाडगा बुडविला आणि काथ्याच्या घासण्याने घासू लागलो.

वेणू दोरीवर कपडे वाळत घालीत होती. ती थबकली.

"अहो, हे काय नवीन? मिरजेला कधी स्वतःचा पेला उचलून मोरीत ठेवला नाहीत!"

"हे परक्याचे घर आहे."

"म्हणजे आपल्या घरचं पुण्य लागत नाही वाटतं. आणा इकडे, मी घासते."

"नको. मी उष्टावला आहे, मीच घासणार."

तिने पदर खोचला आणि वाकून पाहिले. "अहो, पण ते काळं आहे ना, तो मळ आहे की रंग?"

"मळच तो," मी म्हणालो. "पाणी बघ किती काळे झाले."

खरोखर पाणी दाट चहासारखे झाले होते. मला त्याचे समाधान वाटले. मी पाणी बदलले, पुन्हा कढत पाणी ओतले, आणि दोन तास वाडगा तसाच बुडवून ठेवला. पुन्हा घासला. दुपार कलली तेव्हा माझ्या हातात एक फिकट, दुधी, कोवळ्या गुलाबी छटेचा वाडगा होता. रेषांचे जाळेसुद्धा जेमतेम दिसत होते. मी तो उन्हात सुकविला, कापडात गुंडाळला, पेटीत ठेवला आणि फीत बांधली. मग प्रसन्न मनाने लाकडे रचायला मदत करण्यासाठी भट्टीकडे गेलो.

ती भट्टी डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली होती. ओकुमुरा-सान तिच्या तोंडाशी लाकडे रचीत होते. मी कवेत ओंडके घेऊन त्यांच्या मागे उभा राहिलो आणि सहज विचारले, "मुलगी पुष्कळ दिवसांनी येते का?"

"एकोणीस वर्षांनी."

ते लाकडाकडे पाहतच बोलत राहिले.

"तिनं केलेलं लग्न मला मान्य नव्हतं. मी म्हणालो, या उंबऱ्यातून गेलीस तर परत येऊ नकोस. ती माझीच मुलगी. आली नाही. आईच्या अंत्यविधीला आली, ती मंदिरातूनच परत गेली. आता पत्र आलंय, घरी येते म्हणून."

"चांगले झाले."

"चांगलं की वाईट, ते रविवारी कळेल. मी तिला एक शब्द बोलणार नाही. वाडगाच बोलेल."

"वाडगा?"

"सेन्सेई, तुम्ही आज ज्यातून प्यायलात तो मी माझ्या बायकोसाठी, फुमीसाठी केला होता. नात्सुको गेली त्याच्या आदल्या महिन्यात भट्टीतून निघाला. तेव्हा तो पांढरा होता. आमच्या इथली माती सैल असते आणि झिलईला बारीक भेगा असतात. चहा त्यांतून आत झिरपतो. रोज अगदी थोडा. हा रंग कुणी लावलेला नसतो. वापरून वापरून बसतो. ती गेल्यापासून फुमी रोज दुपारी दारात बसून, रस्त्याकडे तोंड करून त्यातून चहा प्यायची. मरेपर्यंत. सतरा वर्षं. नात्सुको कुंभाराची लेक आहे. वाडगा हातात घेतला की तिला बरोबर कळेल, इथे किती दुपारी गेल्या ते. मी कशाला बोलू?"

माझ्या हातांतला एक ओंडका निसटून पायावर पडला.

"लागलं का?"

"नाही," मी म्हणालो. वास्तविक पाऊल चांगलेच ठेचले होते. मला त्याच क्षणी सांगता आले असते. तोंड उघडलेही. परंतु पंधरा वर्षे व्याकरण शिकविणाऱ्या मला त्या वेळी एक साधे वाक्य जुळवता आले नाही.

दिवेलागणीला वेणू भात वाढीत होती. मी तिला सर्व सांगितले. तिने पळी खाली ठेवली.

"आणि तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"ती पेटी रविवारपर्यंत उघडायची नाही..."

"म्हणजे लेकीसमोर उघडू द्यायची? तिच्यादेखत त्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात पांढराफटक वाडगा यावा, असं म्हणताय?"

"तसे नाही. काही उपाय सुचतो का पाहत होतो. उकळता चहा त्यात भरून ठेवला तर—"

"तीन दिवसांत सतरा वर्षं भरणार आहात?"

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी विचारलं होतं हो तुम्हाला, मळ आहे की रंग."

"विचारले होतेस."

"मग?"

"मी ऐकले नाही."

तिने पुन्हा पळी उचलली. "सकाळी उठल्याउठल्या जा. त्यांना सावरायला दोन दिवस तरी मिळू देत. आणि स्वतःचं शास्त्र सांगत बसू नका. झालं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्नान करून त्यांच्या ओसरीवर गेलो. पेटी त्यांच्यापुढे उघडी होती, आणि वाडगा कापडावर होता. सकाळच्या उजेडात तो फारच सुंदर दिसत होता. तेच असह्य होते.

मी उभा होतो तेथेच गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावले. "ओकुमुरा-सान, हे मी केले. मला तो मळ वाटला. राखेच्या पाण्याने घासला."

"ठाऊक आहे."

"कसे?"

"फितीची गाठ. मी अशी बांधत नाही. तुम्ही मंदिरातली बाडं बांधता तशी आहे. काल संध्याकाळीच बघितलं."

"मग काल का बोलला नाहीत?"

"काय बोलायचं ते ठरत नव्हतं." त्यांनी वाडगा उचलून हातात फिरविला. अंगठा एका जागी थांबला, जणू तेथे काही शोधीत होता. "सतरा वर्षं, सेन्सेई. तुम्ही एकाच दुपारी धुतलीत."

वेणूची ताकीद विसरून माझ्या तोंडून निघून गेलेच. "आमच्याकडे सांगितले आहे की राखेने शुद्ध होते ते धातूचे पात्र. मातीचे पात्र शुद्ध करायचे तर ते पुन्हा भाजावे लागते. हे मी स्वतः मुलांना शिकवितो. मला ते कालच आठवायला हवे होते. आता पुन्हा भट्टीत घातला तर काही..."

"पुन्हा भाजला तर दुसराच वाडगा होईल," ते म्हणाले. "फुमी त्यातून प्यायलीच नाही असा." मग किंचित कडवटपणे, "तुमच्याकडे हे लिहून ठेवलंय, आणि तुम्ही तरीही राख घेतलीत!"

"होय."

"शहाण्या माणसांना घरात ठेवू नये."

"आम्ही मंदिरात राहायला जाऊ."

"कुठे जाऊ नका." आता त्यांचा आवाज प्रथमच चढला. "रविवारी तुम्ही इथे बसायचं. याच जागी. मी चहा करीन, तिच्यापुढे ठेवीन. आणि हा वाडगा असा का, हे तिला तुम्ही सांगायचं. मला ते तोंडानं सांगता यायचं नाही. आलं असतं तर वाडगा कशाला लागला असता?"

रविवारी सकाळी मंदिरात विधी झाला. दुपारी नात्सुको घरी आली. ती चाळिशी ओलांडलेली, करड्या रंगाचा साधा कोट घातलेली स्त्री होती. जोडे काढून ती ओसरीच्या अगदी कडेला बसली. बोलावले तर आत यावे, न बोलावले तर चटकन उठता यावे, अशा बेताने. हातातली पिशवी तिने खाली ठेवली नव्हती.

"गाडीला गर्दी होती?" ओकुमुरा-सान यांनी विचारले.

"नाही."

"थंडी लवकर पडली यंदा."

"हो."

एकोणीस वर्षांनंतर बाप आणि लेक एवढेच बोलले. मी माझ्या जागी बसलो होतो. वेणू दाराआड उभी होती. ओकुमुरा-सान यांनी वाडगा ऊन पाण्याने विसळला, पूड घातली, रवी फिरविली. त्या दिवशी रवी काठाला दोनदा लागली. त्यांनी वाडगा तिच्यापुढे ठेवला.

तिने तो पाहिला. पिशवी खाली ठेवली. दोन्ही हातांनी वाडगा उचलला, आणि सावकाश फिरविला. मी बोलण्यासाठी घसा साफ केला, तोच तिने मान वर केली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, हा तर तसाच आहे! मी गेले तेव्हा होता तसाच. मला वाटलं होतं, इथं काहीच तसं उरलं नसेल." ती क्षणभर थांबली. "तुम्ही तो जपून ठेवलात. कुणाला वापरू दिला नाहीत?"

ओकुमुरा-सान यांनी माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीचा अर्थ मी आजही नेमका सांगू शकत नाही. मी गप्प बसलो असतो तर त्या मुलीचे समाधान अखंड राहिले असते. कदाचित ओकुमुरा-सान यांनीही मला दोष दिला नसता. परंतु त्या समाधानातून एक स्त्री पुसली जात होती. ती सतरा वर्षे त्याच दारात बसली होती. तिला मी एकदा पुसले होते. दुसऱ्यांदा पुसण्याचे धैर्य मला झाले नाही.

"नाही, नात्सुको-सान," मी म्हणालो. "तुमच्या आई रोज यातून चहा घेत. तुम्ही गेल्यापासून शेवटपर्यंत. त्याचा रंग पूर्ण पालटला होता. गुरुवारी मी तो मळ समजून राखेच्या पाण्याने धुऊन काढला. हा पांढरेपणा माझ्या अज्ञानाचा आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग वाडग्याकडे. मग वडिलांकडे वळली.

"किती काळा झाला होता?"

ओकुमुरा-सान यांनी रवी विसळायला घेतली.

"बाबा, सांगा ना. मला दिसला नाही तो. कसा झाला होता?"

ज्या माणसाने एक शब्दही न बोलण्याचे ठरविले होते, त्याच्यापुढे आता बोलण्यावाचून मार्ग नव्हता. त्यांनी हात पुढे केला आणि वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला बोट लावले.

"इथे... नदीतल्या दगडासारखा. शेवाळ वाळल्यावर दिसतो तसा. इथं तिचा अंगठा असायचा, म्हणून तेवढी जागा जरा उजळ राहिली होती. आत तळाला जांभळट. एका पावसाळ्यात आला तो रंग. ती आजारी होती तेव्हा. ऊठ म्हटलं तरी उठायची नाही, पण तीन वाजले की दारात यायची." ते थांबले. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "मी रोज तिच्यावर ओरडायचो. म्हणायचो, रस्त्याकडे काय बघतेस, कुणी यायचं नाही. रोज ओरडायचो. आणि तिच्या मागे उभा राहून मीही बघायचो."

दाराआड वेणूला जपानी फारसे कळत नसे. तरी तिने पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला.

नात्सुकोने वाडगा ओठांशी नेला. सावकाश, तीन घोटांत तिने चहा संपविला, आईच्या अंगठ्याची म्हणून वडिलांनी दाखविलेल्या जागी आपला अंगठा ठेवून. मग रिकामा वाडगा मांडीवर घेऊन ती बसली. कडेवरून सरकून आत, चटईवर कधी आली होती, ते माझ्या ध्यानातही आले नव्हते.

"घेऊन जा तो," वडील म्हणाले. "तुझ्यासाठीच ठेवला होता."

"नको. इथेच राहू दे. मी दर महिन्याला येईन. आल्यावर यातच द्या." तिने डोळे पुसले, आणि माझ्याकडे पाहून प्रथमच हसली. "फक्त नंतर सेन्सेईंच्या हाती देऊ नका."

ओकुमुरा-सान इतके हसले की त्यांना ठसका लागला. वेणूने दाराआडून मला विचारले, "काय म्हणाली हो ती?" मी सांगितले. त्यानंतर आमच्या घरी मला भांड्याला हात लावू दिला गेला नाही, आणि मी तक्रारही केली नाही.

दुसऱ्या वर्षीच्या शरदात आम्ही परत निघालो. निरोपाच्या दिवशी ओकुमुरा-सान यांनी तो वाडगा उजेडाकडे धरून मला दाखविला. आत, तळाजवळच्या एका भेगेत, तिळाएवढा फिकट तपकिरी ठिपका उमटला होता.

"मळ आहे का, सेन्सेई?" त्यांनी विचारले.

"रंग आहे," मी म्हणालो.

त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. वेणूही गेली. नात्सुको असलीच तर माझ्याहून वयाने वडील, जख्ख म्हातारी असेल. तो ठिपका आज केवढा झाला असेल, मला ठाऊक नाही. तो वाडगा आज ज्या कोणाच्या हातात असेल, त्याच्या घरी दुपारी कोणीतरी येत राहो, आणि त्याचा चहा ऊन असो. वाट पाहणाऱ्या त्या माउलीला शांती लाभो. त्या बाप-लेकींचे, आणि ज्यांच्या हातून नकळत काही पुसले गेले त्या सर्वांचे, कल्याण असो.